कानिफमामा आणि खर्ड्याची दोन पावलं

कानिफनाथ ढाकणे यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. नगरच्या माळीवाड्यावर एखादा गृहस्थ हात जोडून समोर उभा राहिला आणि "ओळखलं का मामा?" म्हणाला, की मामा आधी खाली बघतात. मग त्याच्या बोटाला धरून उभ्या असलेल्या पोराचे पाय बघतात आणि तिथे ओळख पटते. "कर्जत. उजवा पाय. सहा प्लास्टर. चौथ्याला भोकाड पसरून अख्खी ओपीडी डोक्यावर घेतली होती." पोराचं नाव, बापाचं नाव, जातायेता किती वेळा चहा पाजला, यातलं काही आठवत नाही. पण चौथं प्लास्टर आठवतं.

नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मामा एकतीस वर्षं प्लास्टर करतात. एरवी मोडलेले हात आणि दुचाकीवरून पडलेले गुडघे यांची वर्दळ असते, ती मामांना फारशी मानवत नाही. मोठी माणसं मोडून घेऊन येतात आणि वर घाई करतात, असं त्यांचं मत आहे. बुधवार मात्र लहान मुलांचा. जन्मतः आत वळलेले पाय, धनुष्यासारखे गुडघे, जागेवर न बसलेले खुबे. बुधवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि दहा मिनिटांत तो प्लास्टरच्या पांढऱ्या राडीने माखून घेतात.

त्यांना स्वतःच्या हाताचा अभिमान आहे, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. दवाखान्यात आजवर हाडांचे सहा डॉक्टर आले आणि पाच गेले. "पाय धरतो डॉक्टर, पण गुंडाळतो मी," असं मामा म्हणतात, आणि डॉक्टर ऐकत असतील तर जरा जास्तच मोठ्याने म्हणतात. सहावी डॉक्टर स्नेहल मॅडम. वयाने मामांच्या मुलीएवढी. ती हसते आणि म्हणते, "मामा, पायाचा अंगठा वर राहू द्या." मामा अंगठा वर ठेवतात. मॅडमचं बोट जिथे टेकतं तिथे पाय वळतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण हे ते फक्त बायकोपाशी कबूल करतात.

बायको राहीबाई. तिच्याकडे मामांच्या या वेडाची बरीच उदाहरणं साठलेली आहेत. सगळ्यात मोठं मुलीच्या लग्नाचं. मुलीला चालून दाखवायला लावायची रीत आता मोडली, हे मामांना मान्य होतं. त्यांनी नवऱ्या मुलाला चालायला लावलं. पाहुणे पोहे खात असताना मुलगा अंगणात एकदा सरळ चालला, एकदा टाचांवर आणि एकदा चवड्यांवर. पाहुण्यांना वाटलं ही पाथर्डीकडची पद्धत असेल. "पाय चांगले आहेत," मामा आत येऊन म्हणाले आणि लग्न ठरलं. जावईबापू अजूनही सासऱ्यासमोर जपून चालतात.

तर असे कानिफमामा गेली नऊ वर्षं, म्हणजे स्नेहल मॅडम आल्यापासून, एक गोष्ट सगळ्यांना सांगत होते. चहावाल्याला, वॉर्डातल्या मावशींना, नव्याने आलेल्या प्रत्येक आईबापाला. त्यांच्या हातून सरळ झालेला एकही पाय परत वळला नव्हता. एकही नाही. यावर मॅडम टेबलाच्या लाकडाला हात लावायची आणि मामा तिला भित्री म्हणायचे.

ज्ञानेश्वरी आली तेव्हा बारा दिवसांची होती. दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले, जणू पोरगी पायांनी नमस्कार करतेय. खर्ड्याहून पहाटे निघून आलेली मंडळी. बाप रविराज आपला टेम्पो लावायला जागा शोधत होता, आई सीमा भिंतीला टेकून उभी होती, आणि लेक होती आजीच्या मांडीवर. आजी म्हणजे रंगुबाई. सगळा कारभार त्यांच्याकडे. मॅडमने काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं की गावातल्या बाया गिराणाचं कायबाय बोलत्यात, पण गिराणाच्या दिशी सून त्यांच्या नजरेसमोर हुती, तेव्हा तिच्यावर कुणी बोट ठेवायचं काम न्हाई. मॅडम म्हणाली, ग्रहणाचा काही संबंध नाही, कुणाचीच चूक नाही, हजारात एखाद्या मुलाचे पाय असे येतात. रंगुबाईंनी मान वळवून सुनेकडे बघितलं. "ऐकलं का? आता रडायचं बंद."

मामांना ही बाई तिथेच आवडली.

बारा दिवसांच्या पायात हाड म्हणावं असं फारसं नसतं. जे असतं ते मऊ, कोवळं. दर आठवड्याला मॅडम पाय हातात घेते, मिनिटभर हलकेच बाहेर वळवून धरते, आणि वळला तेवढा पाय मामा बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये धरून ठेवतात. पुढच्या बुधवारी सोडायचं, अजून थोडं वळवायचं, परत बांधायचं. घाई चालत नाही. मामा ओल्या पट्ट्या अशा फिरवतात की प्लास्टर कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखं गुळगुळीत दिसतं. रंगुबाई डोळ्यात तेल घालून हे बघायच्या. खर्डा ते नगर शंभर किलोमीटर, तेवढंच परत. सहा बुधवार त्यांनी चुकवले नाहीत. प्लास्टर घरून भिजवून आणायला सांगितलं होतं, तर त्यांनी ते असं भिजवून आणलं की मामांना कात्री लागली नाही. सहाव्या आठवड्यानंतर मॅडमने टाचेमागची आखडलेली शीर बारीक छेद देऊन मोकळी केली, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर झालं, आणि ते सोडल्यावर ज्ञानेश्वरीचे पाय समोर बघू लागले.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण पाय सरळ करण्यापेक्षा सरळ ठेवणं अवघड असतं. त्याला बूट लागतात. पुढून उघडे, मऊ चामड्याचे दोन पांढरे बूट, बाहेरच्या बाजूला वळवून एका आडव्या दांडीवर बसवलेले. पहिले तीन महिने चोवीस तासांतले तेवीस तास, मग चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपेत. हे सांगायचं काम मामांचं. त्यांनी ते शेकडो वेळा सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याला आता एक चाल आली होती. बूट घालायचे, दिवसा घालायचे, रात्री घालायचे, आंघोळीला तास मोकळा, रडली तरी काढायचे नाहीत. रंगुबाईंनी तीनदा विचारलं, मामांनी तीनदा तीच चाल म्हटली.

"घालू की," रंगुबाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी ज्ञानेश्वरी आली, आणि मॅडमने तिचे पाय हातात घेऊन दोन-दोनदा वळवून बघितले. टाच वर ओढली जात होती. चवडे परत आत निघाले होते. फार नाही, पण मामांना दारातून दिसावेत इतके.

मॅडमने विचारलं, बूट घालता ना? सीमाने सासूकडे बघितलं. रंगुबाईंनी सरळ मॅडमकडे बघितलं. "घालतो की. रोज घालतो." आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. मामांनी बूट उचलला आणि आत बोट घातलं. तेवीस तास घातलेल्या बुटात तीन आठवड्यांत टाचेचा खळगा पडतो. इथे तळ दुकानातून आल्यासारखा सपाट होता. पट्ट्याचं भोकही ताणलेलं नव्हतं. बूट सांगत होता घातला नाही, आणि रंगुबाई सांगत होत्या घातला. मामांना दोघांवरही विश्वास होता, हीच पंचाईत होती.

मॅडमने स्पष्ट सांगितलं. अजून दोन प्लास्टर करू, पाय परत सरळ होतील. पण बूट सुटले आणि पाय पुन्हा वळले, तर पुढे मोठं ऑपरेशन लागू शकतं, आणि तसा पाय जन्मभर ताठर राहायची भीती असते. सीमाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळत राहिलं. त्या दिवशी मामांनी केलेल्या प्लास्टरला गुडघ्यापाशी चुणी पडली. असं एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

पुढचे काही दिवस मामा कुणाला सापडेनात. चहावाल्याने नऊ वर्षांची ती गोष्ट छेडून बघितली, तर मामा चहा अर्धा टाकून गेले. आधी त्यांनी दोष बुटांना दिला. मग मनातल्या मनात मॅडमच्या धरण्याला दिला आणि स्वतःचीच लाज वाटून परत घेतला. मग स्वतःच्या हातांना दिला. पण बोटाला लागलेला तो सपाट तळ काही जाईना. दोन प्लास्टर झाली, बुधवारी बूट परत चढले, आणि रविवारी सकाळी मामांनी राहीबाईंना सांगितलं की ते खर्ड्याचा किल्ला बघायला चाललेत.

"तीस वर्षांत घरापुढचं देऊळ बघितलं न्हाई तुमी," राहीबाई म्हणाल्या आणि भाकरी बांधून दिली. "पोरीच्या आजीला नमस्कार सांगा."

त्या रविवारी नेमकी खंडेनवमी होती. रविराजचा टेम्पो दारात धुऊन उभा होता, पुढे झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. रंगुबाईंनी मामांना बघितलं आणि घरादाराला हाका मारून गोळा केलं, जणू जिल्ह्याचा साहेब आलाय. मामा आत शिरले आणि उंबऱ्यापाशीच थांबले. दाराच्या बाजूला घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीने होत्या. ओळीच्या वर, खास वेगळ्या खिळ्याला, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते बूट टांगले होते. दांडीसकट. आत पाळण्यात ज्ञानेश्वरी उघडे पाय झाडत होती.

मामा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त बुटांकडे बोट केलं.

"ते व्हय," रंगुबाई कौतुकाने म्हणाल्या. "जरा धूळ लागू दिली न्हाई. रानात निघालो की घालतो, देवळात जायचं तर पायरीपर्यंत घालतो, यष्टीला घालतो. दिसातनं तीन-चार टायम हुतंय. रातच्यालाबी अंगणात घेऊन बसतो, तवा घालतो."

"आणि घरात?"

"घरात पायताण?" रंगुबाईंना प्रश्नच कळेना. "भाऊ, तुमच्यात घालत्यात व्हय घरात? आन पाळण्यात? डोक्यावर देव हायती माझे."

मामांनी खाली बघितलं. त्यांचे स्वतःचे पाय उघडे होते. खिळा दिसायच्या आधीच, कुणी न सांगता, त्यांच्या चपला त्या ओळीत शेवटी जाऊन बसल्या होत्या. नऊ वर्षं ते दिवसा घाला, रात्री घाला, रडली तरी घाला असं गात आले होते. घरात घाला, हे शब्द त्यात कधीच नव्हते. त्यांना सुचलेच नव्हते, कारण त्यांच्याही घरात बूट उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते.

मामा पाटावर बसले आणि समजूत घालायला लागले. म्हणाले, हे काही पायताण नाही. पायताण जमिनीला टेकतं, ही पोरगी अजून जमिनीवर उभीसुद्धा नाही. यावर रंगुबाई म्हणाल्या, बुटासारखं दिसतंय, तुमीच बूट म्हणताय, पायात घालताय, मग ते पायताण न्हाई तर काय टोपी हाय? मामांनी मॅडमचं नाव काढलं. रंगुबाई म्हणाल्या, मॅडम देवमाणूस, पण मॅडमला सांभाळायचं त्यांचं घर, आन मला माझं. मामांनी ऑपरेशनची आठवण दिली, तेव्हा मात्र त्या पदराने तोंड पुसू लागल्या. नातीवर त्यांचा जीव होता. पण नातीसाठी रोज देवापुढे हात जोडायचे आणि त्याच देवापुढे तिला चामडं घालून झोपवायचं, हे त्यांच्या हाताला जमत नव्हतं. मामांना ते दिसत होतं.

सीमा चहा घेऊन आली. सहा आठवडे, मग तीन आठवडे, मग पुन्हा दोन, एवढ्या सगळ्या खेपांत मामांनी तिचा आवाज धड ऐकला नव्हता. सासूला ती आत्या म्हणायची. चहाची बशी खाली ठेवून तिने देवघराकडे बघितलं.

"आत्या, आज कोयता देवापुढं हाय."

रंगुबाईंनी वळून बघितलं. देवघरापुढे पाट मांडलेला होता. त्यावर कोयता, दोन खुरपी, कुदळीचं पातं, फवारणीचा पंप आणि रविराजचे टेम्पोचे पाने. पान्यांच्या खाचांत धुऊनही न निघालेलं काळं ऑइल होतं आणि त्यावर हळदकुंकू.

"पान्याला ऑइल हाय," सीमा म्हणाली. "पंपातनं वर्सभर औषध मारलंय. तरी घरात घेतलंच न्हवं आपण? ते कामाचं हाय म्हणून घेतलं. मग हिच्या पायाचंबी कामाचंच हाय की."

मामा अधीर माणूस. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण ते त्यांनी मिटलं. त्या दिवशी आपली स्वतःची अक्कल एवढीच चालली, असं त्यांना नंतर वाटलं.

रंगुबाईंनी पाटावरच्या एका पान्याचं ऑइल बोटाने चाचपून बघितलं. मग उठल्या, हात धुतले, खिळ्यावरचे बूट काढले, पिशवी भिरकावून दिली. ओल्या फडक्याने बूट पुसले आणि पंप जरा सरकवून, पान्याच्या आणि खुरप्याच्या मधोमध ठेवले. हळद लावली, कुंकू लावलं, दांडीवर झेंडूचं फूल ठेवलं. पांढऱ्या चामड्यावर कुंकवाचा डाग कधीच निघत नाही, हे मामांना ठाऊक होतं. दवाखान्यात त्यांनी यावर भाषण दिलं असतं. इथे ते हात जोडून उभे राहिले.

मग रंगुबाईंनी आणखी एक अडचण काढली. आजच्या दिशी अवजाराला इसावा असतो, ते चालवत न्हाईत. पण दारातून रविराज म्हणाला की टेम्पो सकाळी जामखेडला एक भाडं मारून आलाय. यावर रंगुबाईंनी लेकाला चार शब्द सुनावले आणि मुद्दा सोडून दिला.

"घाला तुमीच," त्या मामांना म्हणाल्या. "तुमच्या हाताची वस्तू हाय."

मामा पाळण्यापाशी गुडघ्यांवर बसले. आधी टाच खाली दाबून बसवली, मग मधला पट्टा, मग वरचा, मग खालचा, आणि बुटाच्या मागच्या छिद्रातून टाच टेकल्याची खात्री केली. मग तेच दुसऱ्या पायाला. सीमाला दोनदा घालायला-काढायला लावलं. ज्ञानेश्वरीने सूर लावला. शेजारच्या बाया डोकावल्या. कुणीतरी म्हणालं, अगं, पाळण्यात पायताण.

"पायताण न्हाई, अवजार हाय," रंगुबाई दाराकडे न बघता म्हणाल्या. "आन रडू द्या. कामाला लागलं की पयल्या दिशी समदेच रडत्यात."

मामा संध्याकाळच्या गाडीने परतले. किल्ला लांबूनच दिसला.

बुधवारी त्यांनी मॅडमसमोर कबुली दिली. मग त्या दिवशी आलेल्या प्रत्येक घराला विचारलं, बूट घरात घालता का. अकरा घरांत चार घरं, चारही नुकतेच बूट मिळालेली, अशी निघाली की उंबऱ्यापाशी बूट उतरत होते. बाकीच्या सात घरांत कुणीतरी बाईने, कुणाला न विचारता, सासूची बोलणी खात बूट आत चालवून घेतले होते. मामांनी चष्मा काढून पुसला. मॅडमला म्हणाले की नऊ वर्षं ते ज्याची फुशारकी मारत होते, ती या बायांची कमाई होती. मॅडमला त्यांची काळजीच वाटली, कारण मामांनी कुणाला श्रेय दिल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. अर्थात, मामा पुढे म्हणाले, प्लास्टर माझंच होतं. तेव्हा तिला बरं वाटलं.

मामांची जुनी चाल त्या दिवसापासून बदलली. आता ते म्हणतात, घरात घाला, पाळण्यात घाला, देवापुढे घाला, पंगतीत घाला. एका बाबांनी पंगतीबद्दल हरकत घेतली, तेव्हा मामांनी त्यांना खंडेनवमीचा पाट असा रंगवून सांगितला की बाबांना वाटलं, ही युक्ती कानिफमामांचीच. "खर्ड्याच्या एका पोरीची आहे," मामा म्हणाले. "सीमा तिचं नाव. सहसा बोलत नाही."

जानेवारीत तीन महिने पुरे झाले. त्या बुधवारी मामा साडेसातलाच येऊन बसले होते. रंगुबाई आल्या, ज्ञानेश्वरी टेबलावर आली. सात महिन्यांची, गुबगुबीत, दोन दात काढलेली. बुटांच्या पट्ट्यांवर लाल डाग होते आणि तळाला टाचेएवढे दोन खोल खळगे. मॅडमने पाय हातात घेतला. वर वळवला, बाहेर वळवला. दुसरा घेतला. मामा तिच्या तोंडाकडे बघत होते आणि सीमा मामांच्या तोंडाकडे.

"छान," मॅडम म्हणाली. "दोन्ही टाचा खाली आहेत. आता दिवसा मोकळी सोडा. बूट फक्त झोपताना."

सीमाने बूट पिशवीत भरायला घेतले. रंगुबाई मात्र ताठ झाल्या.

"दिसा का काढायचं? पोरगी झोपती त्यात चांगली. माझं घरदार आता त्याला सरावलंय. देवबी सरावल्यात. मी न्हाई काढायची."

मॅडमने समजावलं. रंगुबाई ऐकेनात. एवढ्या कष्टाने सरळ झालेला पाय उघडा टाकायचा, हे त्यांना पटेना. शेवटी मॅडमने मामांकडे बघितलं, आणि ज्यांनी हयातभर बूट घाला म्हणून लोकांचं डोकं खाल्लं, त्या कानिफनाथ ढाकण्यांना पाऊण तास बूट काढा म्हणून विनवण्या कराव्या लागल्या. चालायला शिकायचं तर पायाला जमीन कळली पाहिजे, असं ते म्हणाले. रांगू दे, धरून उभी राहू दे, माती लागू दे.

"माती लागली तर?" रंगुबाईंनी संशयाने विचारलं.

"तर धुवा."

मग रंगुबाईंनी स्वतःच नातीला काखेत धरून टेबलावर उभं केलं, खात्री करायला. मामांनी झटकन आपले दोन्ही तळहात उताणे करून तिच्या पायांखाली सरकवले. ज्ञानेश्वरीने गुडघे एकदा लचकवले, परत ताठ केले, आणि दोन गरम, सपाट टाचा मामांच्या तळव्यांत रुतल्या.

बाहेर पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं. मामा जागचे हलले नाहीत.

"थांबा जरा," ते म्हणाले. "पायांवर वजन घेतेय."